डिपॉझिट अडकलं, पाणी तोडलं, भाडं वाढवलं... भाडेकरूने दाद मागायची कुठे?

टेम्पो खाली उभा आहे, गाद्या बांधून झाल्या आहेत आणि घरमालक भिंतीवरून बोट फिरवत म्हणतो, "रंगाचे पंचवीस हजार कापावे लागतील." मुंबई-पुण्यात भाड्याने राहिलेल्यांना या प्रसंगाचा पुढचा भाग सांगावा लागत नाही. थोडी वादावादी होते, "बघतो, पाठवतो" असं आश्वासन मिळतं आणि नंतर फोन उचलणं बंद होतं. बहुतेक जण पैसे सोडून देतात. कारण पोलिसांत गेलं तर "हा दिवाणी वाद आहे" असं ऐकायला मिळतं आणि कोर्ट म्हटलं की वर्षानुवर्षांच्या तारखा डोळ्यांसमोर येतात.

त्यात मोबाईलवर अर्धवट माहिती फिरत असते. 'दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त डिपॉझिट घेणं बेकायदा' हा मेसेज तुम्हालाही आला असेल. ही तरतूद केंद्राच्या आदर्श भाडेकरू कायद्यात आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२१ मध्ये त्याला मंजुरी दिली, पण तो नमुना आहे, राज्यांनी स्वीकारला तरच लागू होतो. महाराष्ट्रात आजही चालतो तो महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९. हा कायदा ३१ मार्च २००० पासून लागू आहे. त्यामुळे घरमालकाला तो मेसेज फॉरवर्ड करून काहीही होणार नाही.

मग नेमकं कशाने होतं?

आधी हे बघा: तुम्ही भाडेकरू आहात की लायसन्सी?

बोलताना आपण सगळेच स्वतःला भाडेकरू म्हणतो. कायदा तसं म्हणत नाही.

गिरगाव, दादर, लालबागच्या चाळींत किंवा पुण्याच्या पेठांतल्या वाड्यांत पिढ्यान्‌पिढ्या राहणारे, पागडी दिलेले, महिन्याला भाडेपावती घेणारे लोक हे कायद्याच्या अर्थाने भाडेकरू. त्यांना भाडे नियंत्रण कायद्याचं भक्कम संरक्षण आहे. ठरलेलं भाडं देत राहिलात आणि कायद्यात सांगितलेल्या ठरावीक कारणांपैकी एकही तुमच्याविरुद्ध सिद्ध झालं नाही, तर घरमालक तुम्हाला काढू शकत नाही.

अकरा महिन्यांचा किंवा दोन-तीन वर्षांचा 'लिव्ह अँड लायसन्स' करार करून फ्लॅटमध्ये राहणारे मात्र लायसन्सी, म्हणजे परवानाधारक. नोकरीनिमित्त हिंजवडी, ठाणे, नवी मुंबई, नागपूर इथे राहणारे आपण बहुतेक जण याच गटात येतो. आपल्याला ठरावीक मुदतीपुरता घर वापरण्याचा परवाना मिळालेला असतो, घरावर भाडेकरूसारखा हक्क निर्माण झालेला नसतो. महिन्याला जे देतो त्यालाही कागदोपत्री भाडं न म्हणता परवाना शुल्क किंवा मोबदला म्हणतात. करार काढून हा शब्द एकदा बघून घ्या. पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे.

करार नोंदवलेलाच नसेल तर?

'अकरा महिन्यांचा करार असला की नोंदणी लागत नाही, नोटरी पुरते' हा समज इतका पक्का आहे की काही एजंटही तो ठामपणे सांगतात. महाराष्ट्रात तो चुकीचा आहे. या कायद्याच्या कलम ५५ नुसार भाडेकरार असो की लिव्ह अँड लायसन्स, तो लेखी आणि नोंदणीकृत असला पाहिजे आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. ती पाळली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

त्याच कलमातली दुसरी गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. नोंदणीकृत करार नसेल, तर घर कोणत्या अटींवर दिलं होतं याबद्दल भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. ते खोटं आहे हे सिद्ध करण्याचा भार घरमालकावर येतो. नोंदणीचा कंटाळा करणाऱ्या घरमालकाला हे एक वाक्य दाखवलं की तो बराचसा जातो.

खर्चही फार नाही. मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के. ते एकूण भाडं आणि परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के दराने धरलेलं व्याज यांच्या बेरजेवर लागतं. २५ हजार भाडं, एक लाख डिपॉझिट आणि अकरा महिने असा हिशेब केला तर शुल्क सातशे रुपयांच्या आसपास येतं. महापालिका हद्दीत नोंदणी फी एक हजार रुपये. आधार आणि अंगठ्याच्या ठशावर घरबसल्या ऑनलाइन नोंदणी होते, एजंटचा मेहनताना वेगळा.

करारात डिपॉझिट पन्नास हजार लिहायचं आणि प्रत्यक्षात दोन लाख घ्यायचे, वरचे रोखीने, असाही प्रकार चालतो. असं करू नका. नोंदणीकृत कागदावरचा आकडा पन्नास हजार असताना तोंडी दीड लाख सिद्ध करणं अतिशय अवघड जातं.

'डिपॉझिट दिल्याशिवाय घर सोडणार नाही' हे चालतं का?

लायसन्सी असाल तर हा सगळ्यात धोकादायक सल्ला आहे. आणि मित्रमंडळींकडून सगळ्यात आधी हाच मिळतो.

लिव्ह अँड लायसन्सच्या घरांसाठी राज्य सरकारने 'सक्षम प्राधिकारी' नेमले आहेत. नावावरून वाटतं की दोन्ही बाजूंची तक्रार इथे ऐकली जात असेल. प्रत्यक्षात कलम २४ खाली हा दरवाजा फक्त घरमालकासाठी उघडतो. कराराची मुदत संपली, लायसन्सी घर सोडत नाही, ताबा द्या, असा अर्ज तो इथे करतो. तुमच्या डिपॉझिटचा अर्ज या कार्यालयात चालत नाही.

शिवाय मुदत संपल्यावर राहिलेल्या काळासाठी कराराच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई लागते. म्हणजे २५ हजार भाड्याच्या घरात एक लाखाच्या डिपॉझिटसाठी दोन महिने अडून बसलात, तर त्या दोन महिन्यांचे एक लाख रुपये तुमच्याच नावावर निघू शकतात. हिशेब तिथेच संपला.

या कार्यालयातून समन्स आलं तर दुर्लक्ष करू नका. ३० दिवसांत प्रतिज्ञापत्र देऊन 'मला बाजू मांडायची आहे' अशी परवानगी मागावी लागते. ते केलं नाही तर घरमालकाचं म्हणणं तुम्हाला मान्य आहे असं धरलं जातं आणि आदेश निघतो. पुढे अपील नाही, ९० दिवसांत राज्य सरकारकडे पुनरीक्षण अर्ज एवढाच मार्ग उरतो.

काही करारांत 'डिपॉझिट परत मिळेपर्यंत लायसन्सी विनामोबदला राहू शकेल' असं कलम असतं. ते असेल तर चित्र बदलतं, पण वकिलाला दाखवल्याशिवाय त्या भरवशावर राहू नका. शेवटचे दोन महिने भाडं न देता 'डिपॉझिटमधून वळते करून घ्या' म्हणायचं असेल, तर घरमालकाची लेखी संमती घ्या. नाहीतर तुम्हीच थकबाकीदार ठरता.

मग डिपॉझिट परत मिळवायचं कसं?

हा लेख लिहिण्यामागे थोडा स्वार्थ आहे, म्हणजे जुनी जखम आहे. तीन वर्षांपूर्वी पुण्यातला फ्लॅट सोडताना माझे साठ हजारांपैकी अठ्ठावीस हजार 'रंग आणि किरकोळ दुरुस्ती' या नावाखाली अडकले. दोन महिने मी व्हॉट्सअॅपवर भांडलो. शेवटी निळ्या खुणा दिसणंही बंद झालं. ऑफिसातल्या, कोर्टाच्या बातम्या करणाऱ्या ज्येष्ठ सहकाऱ्याने एकच विचारलं, "लेखी काय दिलंस?" काहीच नव्हतं दिलं. इंजिनीअरिंगची चार वर्षं 'आधी डॉक्युमेंटेशन' ऐकत काढली, आणि स्वतःच्या पैशांच्या वेळी विसरलो.

मग एक पानाचं पत्र लिहिलं. कराराची तारीख आणि नोंदणी क्रमांक, डिपॉझिट कोणत्या व्यवहार क्रमांकाने दिलं, घराचा ताबा कधी परत केला, कराराच्या कोणत्या कलमानुसार रक्कम परत यायला हवी, कपातीची बिलं द्या, पंधरा दिवसांत पैसे द्या, नाहीतर व्याजासह वसुलीसाठी न्यायालयात जाईन. शिवीगाळ नाही, विशेषणं नाहीत. अकराव्या दिवशी फोन आला. चार हजार सोडून सगळे पैसे मिळाले. ते चार हजार फुटलेल्या वॉश बेसिनचे होते. ते आम्हीच फोडलं होतं.

प्रत्येकाला अकराव्या दिवशी फोन येईलच असं नाही. पण पहिली पायरी हीच. पत्र स्पीड पोस्टाने, पोचपावतीसह पाठवा. ('रजिस्टर्ड एडी' मागितलीत तर गोंधळू नका, सप्टेंबर २०२५ पासून टपाल खात्याने रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टात विलीन केलं आहे.) तेच पत्र ईमेल आणि व्हॉट्सअॅपवरही पाठवा. व्याजाची मागणी पत्रातच करा, म्हणजे पुढे ती मागताना अडचण येत नाही. वकिलामार्फत नोटीस दिली तर वजन वाढतं, पण स्वतः दिलेलं लेखी मागणीपत्रही चालतं.

कपातीबद्दल वाद असेल तर करारातली झिजेबद्दलची ओळ शोधा. बहुतेक करारांत 'सामान्य वापराने होणारी झीज वगळून' घर होतं तसं परत द्यायचं असतं. तीन वर्षांत रंग फिका पडणं ही झीज. दारात खिळे ठोकून प्लायवूड उचकटणं ही झीज नव्हे.

पत्रानेही काम झालं नाही तर?

लगेच दावा लावण्याआधी एक मधला रस्ता आहे, जो फारच कमी वापरला जातो. प्रत्येक जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, तालुक्याच्या न्यायालयात तालुका समिती असते. तिथे दावा दाखल करण्यापूर्वीच साध्या अर्जावर तुमचं प्रकरण लोकअदालतीसाठी घेतलं जाऊ शकतं. कोर्ट फी नाही. प्राधिकरण घरमालकाला नोटीस पाठवून बोलावतं. न्यायालयाच्या शिक्क्याचा कागद घरी आला की अनेकांचा सूर बदलतो. तडजोड झाली तर तिला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याचा दर्जा मिळतो आणि त्यावर अपील होत नाही.

मर्यादाही स्पष्ट आहे. समोरचा आलाच नाही किंवा तयार झाला नाही, तर त्याच्यावर सक्ती करता येत नाही. तेव्हा दिवाणी दावा लावावा लागतो. वकील परवडत नसेल तर याच प्राधिकरणाकडे मोफत वकील मागता येतो. महिला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही, इतरांसाठी महाराष्ट्रात वार्षिक तीन लाखांची मर्यादा आहे. प्राथमिक माहितीसाठी १५१०० हा राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाचा क्रमांक आहे.

दावा कुठे लावायचा? पुण्या-मुंबईबाहेर साधारणपणे घर ज्या भागात आहे तिथलं दिवाणी न्यायालय. मुंबईत घराचा ताबा आणि भाडं किंवा परवाना शुल्क यांचे वाद लघुवाद न्यायालयात चालतात, ज्याची मुख्य इमारत धोबीतलावजवळ लोकमान्य टिळक मार्गावर आहे. पुण्यातही लघुवाद न्यायालय आहे. नुसत्या डिपॉझिटच्या वसुलीसाठी कोणतं न्यायालय हे रक्कम आणि मागणीच्या स्वरूपावर ठरतं, ते वकिलाकडून पक्कं करून घ्या. चुकीच्या न्यायालयात लावलेला दावा दोन वर्षांनी परत हातात येतो. लेखी करारावर आधारलेल्या ठरावीक रकमेसाठी 'समरी सूट' म्हणजे संक्षिप्त दाव्याचाही पर्याय असतो, त्यात समोरच्याला बचावासाठी न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते. पैसे देय झाल्यापासून तीन वर्षांच्या आत दावा लागला पाहिजे.

पंधरा-वीस हजारांसाठी दावा लावणं परवडतं का? खरं सांगायचं तर बऱ्याचदा नाही. वकिलाची फी आणि बुडालेल्या सुट्ट्या धरल्या तर हिशेब उलटा जातो. म्हणूनच छोट्या रकमेसाठी पत्र आणि लोकअदालत यांवरच जोर लावणं शहाणपणाचं आहे.

पाणी, वीज तोडली किंवा कुलूप बदललं तर?

इथे मात्र पत्र लिहून पंधरा दिवस थांबू नका.

भाडेकरूचं पाणी, वीज, जिन्यातले दिवे, लिफ्ट, सफाई यांसारख्या अत्यावश्यक सेवा घरमालकाने वाजवी कारणाशिवाय तोडणं कलम २९ नुसार गुन्हा आहे आणि त्यासाठी तीन महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद आहे. भाडेकरू न्यायालयात अर्ज करून सेवा पूर्ववत करण्याचा आदेश मिळवू शकतो, अंतरिम आदेशही मागता येतो. भाडं थकलं आहे म्हणून नळ बंद करायचा, हा मार्ग कायद्याने घरमालकाला दिलेला नाही. थकबाकीसाठी त्यालाही न्यायालयातच जावं लागतं.

लायसन्सी असाल तर कराराची मुदत चालू असताना न्यायालयाकडून मनाई हुकूम मागता येतो. कुणी कुलूप तोडून आत शिरलं, सामान बाहेर फेकलं, मारहाण किंवा धमकी दिली तर तो नुसता दिवाणी वाद राहत नाही. पोलिसांकडे लेखी तक्रार द्या आणि त्याच्या प्रतीवर पोच घ्या. ठाण्यात घेतली नाही तर पोलीस अधीक्षक किंवा आयुक्तांकडे टपालाने पाठवा. भाडेकरूला कायदेशीर प्रक्रियेशिवाय जबरदस्तीने बाहेर काढलं असेल, तर ताबा परत मिळवण्यासाठी विशिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ च्या कलम ६ खाली सहा महिन्यांच्या आत दावा करता येतो.

भाडं किती वाढवता येतं?

जुन्या, संरक्षित भाडेकरूंसाठी वर्षाला ४ टक्के. त्याशिवाय सुधारणा, विशेष दुरुस्ती आणि वाढलेले कर यांसाठी कायद्यात वेगळे नियम आहेत. मागणी अवाजवी वाटली तर प्रमाण भाडं ठरवून घेण्यासाठी न्यायालयात अर्ज करता येतो.

लिव्ह अँड लायसन्सला ही ४ टक्क्यांची मर्यादा लागू नाही. करार चालू असताना त्यातला आकडा दोघांनाही बांधील असतो, मध्येच "सोसायटीचा मेंटेनन्स वाढला, दोन हजार जास्त द्या" म्हणता येत नाही. करार संपल्यावर मात्र घरमालक हवा तो आकडा सांगू शकतो. पटला नाही तर घर सोडणं एवढंच हातात राहतं. हे अन्यायाचं वाटेल, पण आज कायदा असा आहे.

जुन्या भाडेकरूंना वेगळं काय मिळतं?

चाळी-वाड्यांतला नेहमीचा डाव म्हणजे घरमालक भाडं घेणंच थांबवतो आणि नंतर 'थकबाकीदार' म्हणून दावा लावतो. भाडं दर महिन्याला चेकने किंवा बँकेतून पाठवत राहा, सोबत पत्र द्या, परत आलेली पाकिटं न फोडता ठेवा. थकबाकीसाठी दावा लावण्याआधी त्याला लेखी नोटीस देऊन ९० दिवस थांबावं लागतं. त्यानंतरही समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत थकलेलं भाडं १५ टक्के साध्या व्याजासह न्यायालयात भरलं आणि पुढेही भरत राहिलात, तर त्या कारणावरून घर जात नाही. भाडेपावती देणं घरमालकाला बंधनकारक आहे.

छत गळतंय आणि तो लक्ष देत नाही? किमान १५ दिवसांची लेखी नोटीस द्या. तरीही दुरुस्ती झाली नाही तर ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करता येतो, पण एका वर्षात त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. महिना दोनशे रुपये भाडं असेल तर ही रक्कम वर्षाला सहाशे रुपये होते. म्हणजे एका पत्र्याची किंमतही निघत नाही.

पीजीत राहत असाल तर?

खाट, जेवण, वायफाय अशा एकत्रित पैशांवर पीजी किंवा खासगी हॉस्टेलमध्ये राहणाऱ्यांचा मार्ग वेगळा असू शकतो. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये 'सेवा' या शब्दात राहण्या-जेवण्याची सोयही येते. त्यामुळे डिपॉझिट किंवा आगाऊ घेतलेल्या पैशांसाठी ग्राहक आयोगाचा विचार करता येतो. सुरुवात १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून करा. मात्र पावती हवी. पावतीशिवाय पीजीत पैसे देणारे माझे निम्मे मित्र आहेत.

व्हॉट्सअॅपवरचं बोलणं पुरावा ठरतं का?

ठरतं, पण नुसता स्क्रीनशॉट छापून दिला की झालं असं नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं. त्याच्या ठरलेल्या नमुन्यात फाईलची हॅश व्हॅल्यूही मागितली आहे. हॅश म्हणजे फाईलमधून गणिताने काढलेली अक्षर-अंकांची ओळख. फाईलमध्ये एक स्वल्पविराम बदलला तरी हॅश बदलते. हे काम वकील करून घेतील, तुम्ही इतकंच करा: चॅट डिलीट करू नका, एक्स्पोर्ट करून ईमेलवर ठेवा आणि वाद मिटेपर्यंत तो फोन विकू नका.

घरात शिरताना आणि सोडताना खोल्या, नळ, फरशा, भिंती यांचा न थांबता केलेला एक व्हिडिओ घ्या आणि त्याच दिवशी घरमालकाला पाठवा. वीज मीटरचं रीडिंगही त्यात येऊ द्या. शेवटच्या दिवशी किल्ली हातात देण्याआधी एका साध्या कागदावर 'आज इतक्या वाजता घराचा ताबा आणि किल्ल्या मिळाल्या, डिपॉझिटपैकी इतकी रक्कम अमुक तारखेपर्यंत देणं बाकी' एवढं लिहून सही घ्या. सही द्यायला नकार मिळाला तर तोच मजकूर तिथेच उभं राहून व्हॉट्सअॅपवर पाठवा, आणि मग टेम्पोवाल्याला निघायला सांगा.